तिसऱ्या रिंगणातली दहा बटणं

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला नुसता लिहायचा म्हणून नव्हे. आठही अंगं जमिनीला टेकवावीत असंच काम करून बसलोय, पण दुकानात मशीन, इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकाची खुर्ची यांच्यामध्ये माझ्याएवढा माणूस आडवा मावत नाही, म्हणून कागदावरच गोड मानून घ्या.)

विनंती विशेष. त्यातली विनंती शेवटी येईल, विशेष आत्ताच सांगायला घेतो, कारण उशीर केला तर हिंमत जाईल. पण त्याआधी तुमच्या मांडीची चौकशी. खेचराच्या लाथेचा काळानिळा डाग आता पिवळा पडला असेल. तुम्ही लोकांच्या जनावरांना बरं करता आणि मोबदल्यात त्यांच्या लाथा घेऊन घरी येता, असा जनावरांचा डॉक्टर दुसरा पाहिला नाही. धाकटी सांगत होती की दादा स्वतःलाही घोड्याचंच मलम चोळतात. चोळत असाल तर थोडं राखून ठेवा. मला जिथे लागलंय तिथे मलम पोचत नाही, पण घोड्याचं आहे म्हटल्यावर प्रयत्न करून बघू. वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि हे पत्र मात्र त्यांना दाखवू नका.

पत्रात 'इकडे सर्व क्षेम' असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो की इकडे सर्व क्षेम आहे, फक्त मी सोडून, आणि माझ्यामुळे तुमची धाकटी बहीण सोडून. घरात आम्ही दोघंच असल्यामुळे क्षेम म्हणण्यासारखं उरतं ते मशीन, आणि त्याचाही पट्टा चार दिवस करकरतोय.

तुम्हाला ठाऊकच आहे की धाकटी शाळेत शास्त्र शिकवते ती अजून तात्पुरती. दर वर्षी सुट्टी लागली की तिची नोकरी संपते आणि शाळा उघडली की पुन्हा लागते. या वर्षी प्रथमच एक कायमची जागा निघाली. त्यासाठी भरल्या वर्गात एक पाठ घेऊन दाखवायचा, बाजूला मुख्याध्यापक आणि तपासणीला आलेल्या बाई बसणार, आणि पाठ पसंत पडला तर धाकटी कायम. नाही पडला तर जागा दुसऱ्या कुणाला, आणि मग तात्पुरतंही काही उरणार नाही. एवढ्या वर्षांची तिची मेहनत त्या एका तासावर टांगलेली होती हे मला पक्कं ठाऊक होतं. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला कल्पना नसेल. कल्पना होती.

पाठाचा विषय तिने स्वतः निवडला: अणूच्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉन कसे मांडलेले असतात. आता फळ्यावर खडूने रिंगणं काढून हा विषय शिकवता येतो, सगळे तसाच शिकवतात. पण धाकटीला ते कापडावर हवं होतं. नवरा शिंपी असल्याचा तेवढा तरी उपयोग, असं ती म्हणाली नाही, पण मी ऐकलं. काळं जाड कापड घेतलं, मागे पांढरं अस्तर, मधोमध लाल मखमलीचा गोळा आणि त्यावर १९ हा आकडा भरलेला. भोवती पांढऱ्या पट्टीची चार रिंगणं. (पुस्तकात त्यांना कवचं म्हणतात. धाकटी तर म्हणते की खरं पाहता अशी रिंगणं नसतातच, समजायला सोपं जावं म्हणून काढायची. पण मी ती हाताने शिवली आहेत, त्यामुळे माझ्यापुरती ती आहेत.) बटणं म्हणजे इलेक्ट्रॉन. गडद निळी, चार भोकांची, माझ्याच खोक्यातली.

रिंगणांवर काजं करायला तिने मला सांगितलं. पहिल्यावर दोन, दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावर अठरा. चौथ्यावर एकही नाही. मी ती काजं अशी केली दादा, की कुठल्याही कोटाला लाज वाटावी. पण बटणं लावायची वेळ आली तेव्हा बाईसाहेबांनी सुई माझ्या हातातून काढून घेतली. हा माझा पाठ आहे, बटणं मी लावणार. ठीक आहे म्हटलं. धाकटीचा टाका तुम्ही पाहिला असेल, दोन दोन भोकांतून सरळ जाणारा, शेजारी शेजारी दोन रेघा. माझा फुलीचा, खाली दोऱ्याच्या देठाला वेढे देऊन गाठ आत लपवलेली. तिच्या बटणाला मागून बघितलं तर गाठ दिसते. मी मनात म्हटलं, शिंप्याच्या घरातून असं कापड बाहेर जाणार.

आता त्या रविवारावर येतो. तुम्ही सकाळी आमच्याकडे आलात, जेवलात आणि दुकानातल्या बाकावर मांडीखाली उशी घेऊन आडवे झालात. धाकटी शाळेत गेली होती, भिंतीला खिळा कुठे आहे ते बघायला. (खिळ्याचं पुढे येईल.) दुकानात मी, तुमचं घोरणं आणि टेबलावर पसरलेलं ते कापड. मी नुसतं बघायला गेलो होतो, शप्पथ. पहिल्या रिंगणात दोन काजं, दोन बटणं, छान. दुसऱ्यात आठाला आठ, छान. तिसऱ्यात अठरा काजं आणि बटणं आठच. दहा काजं रिकामी, मागचं पांढरं अस्तर दिसतंय, दात पडलेल्या तोंडासारखं.

दादा, तुम्ही जनावराचं पोट उघडून तसंच ठेवून जेवायला जाल का? मग शिंप्याला काजं उघडी ठेवून बसवेल का? आमच्या धंद्यात काज आहे आणि बटण नाही म्हणजे काम अर्धवट, आणि अर्धवट काम बाहेर गेलं म्हणजे दुकानाचं नाक कापलं गेलं. मला वाटलं, बिचारी दमली असेल, पाठाच्या चिंतेत विसरली असेल, किंवा खोक्यातली बटणं तिला सापडली नसतील. मखमलीवरचा १९ मी पाहिला होता, पण तो मला खोलीचा नंबर वाटला. तरीही मी अगदीच अविचारी नाही. शास्त्राची खात्री करून घ्यावी म्हणून मी तुमच्याजवळ येऊन विचारलं की दादा, या तिसऱ्या रिंगणात अठरा मावतात ना? तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, मावतात, आणि कूस बदललीत.

तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं होतं हे मला आता कळलं आहे. मावतात. मावणं वेगळं आणि असणं वेगळं, एवढाच फरक होता, आणि तो तुम्ही झोपेत असल्यामुळे सांगितला नाहीत. असो. त्याकडे पत्राच्या शेवटी पुन्हा येऊ.

मी दहा बटणं लावली. लावली ती माझ्या पद्धतीने, आणि गुंडाळी करताना काजातून निसटू नयेत म्हणून अस्तरासकट वरच्या कापडाला टाचून पक्की केली. मग लक्ष चौथ्या रिंगणाकडे गेलं. तिथे एकच बटण होतं आणि ते एका दोऱ्यावर लोंबत होतं, गाठ नाही, काही नाही. हात लावला तर गळून पडेल असं. म्हटलं, हे मात्र तिने कहर केलाय. ते काढलं, दुहेरी दोरा घेतला, देठाला भरपूर वेढे दिले आणि वर मेण चोळलं. ओव्हरकोटाचं बटण मी इतकं पक्कं लावत नाही. धाकटी परत येईपर्यंत गुंडाळी करून, सुतळीने बांधून तयार. तिला सांगितलंही नाही. पाठाच्या वेळी उलगडेल आणि कौतुकाने बघेल असा माझा बेत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या वेळी मला ते नवरेपण वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गुंडाळी खांद्यावर घेऊन मी तिच्यासोबत शाळेत गेलो. वर्गाबाहेर शाळेचा शिपाई भेटला. त्याला मी आपणहून, त्याने काही विचारलं नसताना, सांगितलं की आतलं काम बघाच, निम्मं माझ्या हातचं आहे. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मला तर रोज लागतंय.) मुख्याध्यापक म्हणाले की आलाच आहात तर मागे बसा. मागच्या बाकावर शिपाई आणि मी असे बसलो.

धाकटीने वर्गाकडे पाठ करून कापड खिळ्याला अडकवलं आणि सुतळी सोडली. ते उलगडलं. दादा, बटणं चमकत होती. मी शिपायाकडे बघितलं. मग धाकटीकडे बघितलं, तर ती वळलीच नव्हती. हात कापडावर ठेवून तशीच उभी. मग तिच्या बोटांनी तिसऱ्या रिंगणातलं एक बटण हळूच काजातून आत ढकलून बघितलं. ते जाईना. दुसरं ढकललं, तेही जाईना. पक्कं काम होतं. काहीतरी बिनसलंय एवढं दिसलं, पण काय ते अजून कळलं नव्हतं.

मग ती वळली आणि बोलायला लागली. आवाज चांगला होता. पहिल्या कवचाचं सांगितलं, दुसऱ्याचं सांगितलं, तिसऱ्याचं नाव काढलं नाही आणि थेट चौथ्यावर गेली. हे पोटॅशिअम आहे म्हणाली, याचा बाहेरचा हा एकटा इलेक्ट्रॉन फार सहज निघून जातो, म्हणून तर हा धातू पाण्यात टाकला की पेट घेतो. बघा किती सहज, असं म्हणून तिने बटण दोन बोटांत धरून हलकेच ओढलं.

ते का निघेल? तिने जरा जोराने ओढलं. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीला बोलावलं, तिने दोन हातांनी ओढलं. वर्ग हसायला लागला, पोरं हसणारच. शेवटी मुख्याध्यापक उठले, भला माणूस, मदत करावी म्हणून. त्यांनी एक पाय मागे घेऊन असा हिसका दिला की खिळा, खिळ्याभोवतालचा गिलावा आणि कापड हे सगळं त्यांच्या अंगावर आलं. काळ्या कापडाखालून त्यांचे दोन बूट तेवढे दिसत होते. बटण जागच्या जागी होतं. (नंतर मी ते तपासलं, एक दोरा सुटलेला नाही. हे अभिमानाने लिहीत नाही, पण खोटंही लिहीत नाही.)

मुख्याध्यापकांना बाहेर काढल्यावर तपासणीच्या बाई पुढे आल्या. त्यांनी कापड टेबलावर पसरायला लावलं आणि पेन्सिलीच्या टोकाने बटणं मोजली. मग विचारलं की मध्ये एकोणीस लिहिलंय आणि बाहेर एकोणतीस आहेत, हा कुठला अणू? आणि मग त्यांनी विचारलं, हे कुणी केलं?

इथे थांबून मी पाणी पिऊन आलो.

धाकटी म्हणाली, मी केलं. बटणं मोजायला हवी होती, चूक झाली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या शेजारच्या शिपायाने मात्र बघितलं. कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाला, अहो, निम्मं तुमचं ना? आणि मी दादा, मी, पाच फूट दहा इंच उंचीचा, स्वतःचं दुकान असलेला, तुमच्या घराण्याचा जावई, मी म्हणालो की छे, मी आपला गुंडाळी उचलायला आलोय.

त्यानंतर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. उठून एवढंच म्हणायचं होतं की बाई, ही बटणं माझी. तीन शब्दांचं काम होतं. पाय हलले नाहीत. एवढी सगळी पोरं वळून बघतील, मुख्याध्यापकांच्या केसांत अजून गिलावा होता, बाईंच्या हातात पेन्सिल होती, आणि माझी जीभ टाळूला टाचल्यासारखी झाली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. धरणी दुभंगेल तर बरं असं वाटत होतं, पण धरणी काय, तिथली फरशीसुद्धा चांगली पक्की होती.

बाईंनी निर्णय पुढे ढकलला. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी पुन्हा पाठ घ्या म्हणाल्या, तोच विषय, मग बघू. घरी येताना गुंडाळी मीच उचलली. धाकटी वाटेत कोपऱ्यावरच्या दुकानाचा नवा रंग चांगला दिसतोय म्हणाली. घरी आल्यावर तिने चहा केला, माझ्या चहात साखर नेहमीइतकीच होती. दादा, तिने भांडी आपटली असती, तुमच्याकडे निघून आली असती, चार शब्द सुनावले असते तर मी कान पकडून मोकळा झालो असतो. ती काहीच बोलत नाही. कापड तिने दुकानातल्या खुंटीवर टांगून ठेवलंय, गिऱ्हाइकांच्या तयार कपड्यांच्या रांगेत. बटणं उसवली नाहीत, मला उसवायलाही सांगितलं नाही. मी मान वर केली की ती दहा बटणं माझ्याकडे बघतात. तिला कुणी लावली असतील असं वाटतंय, हे विचारायची माझी छाती नाही. कदाचित तिला खरंच वाटत असेल की तिनेच चुकून लावली. माणूस दमला की काहीही करतो.

कामावर परिणाम व्हायचा तो झालाच. वकिलांच्या कोटाला मी बायकांच्या बाजूने बटणं लावली. त्यांनी कोट घातला, थोडा वेळ स्वतःशीच झटापट केली आणि म्हणाले, शिंपीबुवा, हा माझाच का? दुसऱ्या एकाच्या विजारीचा एक पाय जास्त लांब झाला. ते गिऱ्हाईक मुळातच थोडं लंगडतं, त्यामुळे त्याला ती आवडली, पण ते माझं कौशल्य नव्हे.

आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, धाकटी शाळेत गेली की मी तिचं पुस्तक काढून वाचतो. आपण नक्की कशाचा नाश केला हे तरी कळावं. एका जागी तर मी तासभर अडलो होतो. मग कळलं ते सांगतो, चूक असेल तर जागेपणी सांगा. तिसऱ्या कवचात आत कप्पे असतात, एक दोनाचा, एक सहाचा आणि एक दहाचा. दोन आणि सहा भरले की आठ झाले. दहाचा कप्पा तिसऱ्या मजल्यावरचाच, पण इतक्या उंच माळ्यावर की तिथे चढण्यापेक्षा चौथ्या मजल्याचं पहिलं दार खाली पडतं. म्हणून एकोणिसावा इलेक्ट्रॉन माळ्यावर चढत नाही, सरळ बाहेरच्या दारात जाऊन बसतो. दारात दोघं बसून झाले की मग पुढचे माळ्याकडे वळतात. म्हणजे पोटॅशिअममध्ये ती दहा काजं रिकामी आहेत ती विसरून नव्हे. रिकामी आहेत हाच धाकटीचा पाठ होता. जागा असूनही तो तिथे का बसत नाही, हे तिला पोरांना विचारायचं होतं. मी प्रश्नच शिवून टाकला.

पुढे वाचलं तर आणखी कळलं की दोन, आठ, अठरा आणि बाहेर एक अशी मांडणी खरोखर एका धातूची असते. तांब्याची. लोक पूर्वी तांब्याचं सोनं करायला बघायचे म्हणे, मी एका दुपारी पोटॅशिअमचं तांबं केलं. पाण्यात पडलं की पेट घेणारा धातू मी पाणी ठेवायच्या भांड्याचा करून ठेवला. आणि बाहेरचं एकटं बटण दोघांचंही सारखंच, म्हणजे वरवर बघणाऱ्याला कळायचं नाही, आतली दहा मोजल्याशिवाय. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की धाकटी वर्षानुवर्षं शिकवते ते फार सुंदर आहे. मी तिला कधी विचारलंच नव्हतं की तू आज काय शिकवलंस. ती मात्र रोज विचारते की आज कुणाचं माप घेतलं.

गुरुवारचा पाठ जवळ आला आहे. काल जेवताना ती एवढंच म्हणाली, गुंडाळी न्यायला याल ना? मी हो म्हटलं. एवढं बोलून पत्र पुरं करतो. लहानमोठ्यांस यथायोग्य सांगावं, आणि मोठ्यांत मला धरू नये.

आपला,
तोंड लपवायला जागा शोधणारा
शिंपी मेहुणा

ता. क. विनंती राहिली. ती अशी की, त्या रविवारी दुपारी तुम्ही दुकानात होतातच. कापडही तिथेच होतं. तिसऱ्या रिंगणात अठरा मावतात हे तुमच्याच तोंडचे शब्द आहेत, म्हणजे न्यायाने बघायला गेलं तर निम्मं काम तुमचं होतंच. तेव्हा तुम्ही धाकटीला गुरुवारच्या आत दोन ओळी लिहून टाकाल का, की ती दहा बटणं मीच लावली, झोपेत काय केलं ते कळलं नाही? थोरल्या भावावर ती रागावणार नाही, आणि रागावली तरी तुम्ही लांब राहता. गाईच्या पोटाला टाके घालणारा माणूस बटण लावू शकतो, यावर कुणीही विश्वास ठेवील. तुम्ही लाथा खाता त्यात ही एक. मी पुढच्या खेपेला तुमचा जुना कोट फुकट उलटून, आतली नवी बाजू बाहेर काढून देईन.

पुन्हा ता. क. वरचं वाचून बघितलं आणि आणखी लाज वाटली. वरची विनंती रद्द समजावी. अगदीच रद्द नको, बाजूला ठेवावी. पाकिटावर पत्ता धाकटीच लिहून देते (माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही), पण काळजी नसावी, पाकीट मी डिंकाने न चिकटवता शिवून बंद करतोय. माझा टाका कुणी उसवला तर लपत नाही.

तिसरा ता. क., दुसऱ्या शाईत.

दादा, उसवला.

तुमची मांडी कशी आहे ते मला वेगळं कळवा, ह्यांच्या पत्रात मलमाशिवाय काही नाही. बाकी सगळं वाचलं. बटणं कुणी लावली ते मला कापड उलगडलं तेव्हाच कळलं होतं. फुलीचा टाका, देठाला वेढे, गाठ आत. घरात असं बटण एकालाच लावता येतं. तुम्ही लावलं असतंत तर ते काढायला कात्री पुरली नसती, तुमची टाके घातलेली गाय मी पाहिली आहे. तेव्हा तुम्ही काही लिहू नका.

मी वर्गात मागे वळून बघितलं नाही ते मुद्दाम. बघितलं असतं तर ह्यांना उठावंच लागलं असतं. मला ते आपणहून उठलेले हवे होते. ते उठले नाहीत याचं मला वाईट वाटलं दादा, फार वाईट वाटलं, पाठ फसल्यापेक्षा जास्त. म्हणून बोलत नव्हते. राग आला असता तर बोलले असते.

पण माळ्याची गोष्ट ह्यांनी पुस्तकातून एकट्याने काढली हे वाचलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन जरा बसले. मी इतकी वर्षं शिकवते आहे, मला 'माळा' सुचला नव्हता. गुरुवारी तोच शब्द वापरणार आहे. आणि दोन कापडं लावणार आहे. एक पोटॅशिअमचं, नवं, काजं उघडी. दुसरं हेच, बटणांसकट, फक्त मधला आकडा बदलून. २९ भरून द्या म्हणून ह्यांना आज सकाळी सांगितलं. का ते विचारलं नाही, मान खाली घालून भरतायत. बाई विचारतीलच की दुसरं कुणी केलं. या वेळी मी उत्तर देणार नाही.

पाकीट मी पुन्हा शिवते आहे, माझ्या टाक्यांनी, दोन सरळ रेघा, गाठ बाहेर. ते ह्यांच्याच हातात देणार, पेटीत टाकायला. माझा टाका ह्यांना लांबून ओळखू येतो. तेव्हा हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं, तर समजा की ह्यांनी तो बघितला आणि तरीही टाकलं.

तुमची,
धाकटी